महागूच्या अंगठ्यावरचं पान

याकूबचाचा गेल्याचं मला पोस्टकार्डाने कळलं. नागपुरात आमच्या साप्ताहिकाच्या खोलीत मी शेवटच्या पानाची मुद्रितं तपासत बसलो होतो आणि डाकवाल्याने कार्ड टेबलावर टाकलं. कोपरा फाडलेला होता, त्यामुळे कोणीतरी गेलं हे वाचण्याआधीच कळलं. कोण, एवढंच वाचायचं उरलं होतं. चाचींनी शेजारच्या गुरुजींकडून लिहवून घेतलं होतं. "मागच्या जुम्याला दुपारी गेले. ताप दोनच दिवस होता. जमलं तर या." मी कार्ड उलटं ठेवलं आणि उरलेलं पान तपासून संपवलं. त्या दिवशी गाडी होती, दुसऱ्या दिवशीही होती. मी निघालो तिसऱ्या दिवशी... त्या गावात जायची मला लाज वाटत होती, आणि ती का वाटत होती हे तोवर मी कोणालाही सांगितलेलं नव्हतं.

आता सांगतो. सरकारी दप्तरात याकूबचाचांच्या नावावर एक टाइप केलेलं पान आहे. त्या पानापायी त्यांचा अर्ज लिहिण्याचा परवाना गेला, आणि पुढची पाच वर्षं ते आपल्याच घराच्या पुढच्या खोलीत अडकून राहिले. ते पान त्यांनी लिहिलेलं नव्हतं. मी लिहिलं होतं. गेलेल्या माणसाविषयी चांगलं बोलावं अशी आपल्याकडे रीत आहे आणि मी चांगलंच बोलणार आहे. पण ही गोष्ट गाळून त्यांच्याविषयी जे काही चांगलं बोलेन ते खोटं होईल.

गावाचं नाव देत नाही. मूल गावाहून वैनगंगेकडे निघालं की जी बाजारगावं लागतात, त्यांतलं एक. कचेरी अजून तिथंच आहे आणि आतली माणसंही बरीचशी तीच आहेत. कचेरीसमोर चिंचेच्या झाडाखाली टिनाचं एक छप्पर होतं, त्याखाली एक टेबल, टेबलावर जुनं टाइपचं मशीन आणि मशीनमागे याकूबचाचा. जवळच्या खेड्यांतले शेतकरी, नदीपलीकडच्या जंगलातले गोंड, बाजारातले विणकर, सगळे त्यांना मुन्शीजी म्हणत. मालगुजारी गेली होती, स्वराज्य आलं होतं. पण बांबूचा एक भारा अडला तरी अर्ज इंग्रजीतच लागायचा. मराठीत दिलेला कागद घेत नव्हते असं नाही. घेत होते आणि ठेवून देत होते.

मी पत्रकांवर वाढलेला माणूस. माझ्या मामाला सभांचं वेड होतं. नागपूरहून येताना तो पिशवीभर पत्रकं घेऊन यायचा, आणि घरात वही नसल्यामुळे त्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर मी बाराखडी गिरवली. पलीकडच्या बाजूला 'उठा', 'मोडा', 'झुगारा' असं ठळक छापलेलं असायचं आणि शाई पातळ असली की ती अक्षरं माझ्या क, ख, ग मधून दिसायची. मॅट्रिक झालो, दोन वर्षं इकडेतिकडे काढली, आणि एकविसाव्या वर्षी याकूबचाचांच्या छपराखाली येऊन बसलो. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. मसुदा ते करत, पण स्वच्छ प्रत टाइप करायला दुसरे डोळे हवे होते. पहिल्याच दिवशी त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "काय पत्रकवाले, 'झुगारा'ले इंग्रजीत काय म्हनते?" मी मोठ्या तोऱ्यात क्रियापद सांगितलं. "अन् त्याच्या मांगं कोन चालते?" मला कळेना. "छोटा शब्द रे, छोटा! तो नाई लावला तं तुयं झुगारनं अर्ध्या रस्त्यातच बसून राह्यते." छपराखाली बसलेले चार-पाच अर्जदार, ज्यांना इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं, तेही हसले.

ते छोटे शब्द म्हणजे इन, ऑन, अ‍ॅट, टू, फ्रॉम, बाय. मराठीत ते नामाला चिकटून असतात, घरात, झाडाखाली, नदीपलीकडे. चुकायला जागाच नाही. इंग्रजीत ते सुटे फिरतात आणि कोण कुठे उभा राहील याला नियम म्हणावा असा नियम नाही. याकूबचाचा त्यांना चपराशी म्हणत. मोठे शब्द म्हणजे साहेब लोक, त्यांच्यात चूक असली तर खपून जाते. चपराशी जागेवर नसला तर कचेरीचं दार उघडत नाही. त्यांची तपासायची पद्धत अशी होती. मसुदा झाला की पट्टी घेऊन ते खालच्या ओळीपासून वर वाचत जात. वरून वाचलं की मजकूर आपल्याला ओढत नेतो आणि बारके शब्द नजरेखालून निसटतात, असं त्यांचं म्हणणं. प्रत्येक चपराशाभोवती निळ्या पेन्सिलीने गोल. मग एक जाड वही निघायची. तिच्यात पंचवीस वर्षांत कचेरीतून आलेल्या पत्रांमधून उतरवून घेतलेल्या जोड्या होत्या, कोणत्या क्रियापदामागे कोण चालतो त्याच्या. आणि वहीतूनही मिटलं नाही की ते पेन्सिल खाली ठेवून अर्जदाराकडे वळत.

ते पाहायला मला नेहमी आवडायचं. "लाकूड जंगलातून आनलं का जंगलाच्या बाजूनं?" "तू गार्डाकडं गेला का गार्डानं तुले बलावलं?" "झाड बांधावर होतं का बांधापलीकडं?" अर्जदार गोंधळायचा, डोकं खाजवायचा, मग नीट आठवून सांगायचा. इंग्रजी तपासता तपासता त्या माणसाची हकिगत तपासली जायची. कितीदा तरी अर्जदार मध्येच म्हणायचा, "थांबा मुन्शीजी, तसं नाई झालं, असं झालं." मग सबंध परिच्छेद पुन्हा लिहायचा. मी चिडायचो. एका कागदाला अर्धा दिवस! बाहेर देश उभा राहून राह्यलाय आणि आपण 'इन' की 'अ‍ॅट' करत बसलो आहोत.

एकदा मी तोंडावरच म्हणालो, "चाचा, राज गेलं त्यांचं. आता कशाला त्यांच्या व्याकरणाची हमाली?"

"राज गेलं," ते म्हणाले, "फाईल कुठी गेली?"

मग त्यांनी मला त्यांच्या तरुणपणची गोष्ट सांगितली. तेव्हा गोरा साहेब होता. याकूबचाचांनी एका म्हाताऱ्यासाठी लिहिलेला अर्ज त्या साहेबाने ओसरीवर सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला. एक बारका शब्द चुकला होता आणि त्यामुळे त्या वाक्याचं काहीतरी हास्यास्पद झालं होतं. साहेब हसला, बाबू हसले, पट्टेवाले हसले. "अन् तो बुढा बी हसला रे," चाचा म्हणाले. "सगळे हासून राह्यले म्हनून तो बी हसला. त्याले वाटलं, साहेब खूश आहे, काम झालं." ...काम झालं नव्हतं. त्यानंतर पेन्सिल हातात न घेता एकही कागद त्यांनी पुढे जाऊ दिला नाही. मला ती गोष्ट ऐकून साहेबाचा राग आला. चाचांच्या मनात काय होतं ते मला तेव्हा समजलं नाही.

आमच्या भागात एक रीत होती, बहुधा अजूनही असेल. लोक दहा-बारा कोस चालून येत. कागद तपासून स्वच्छ होईपर्यंत थांबणं त्यांना शक्य नसे. गुरं, शेत, पोरं मागे राहिलेली. मग हकिगत सांगून झाली की ते कोऱ्या कागदाच्या तळाशी अंगठा उमटवून जात. वरची जागा मुन्शीजींची. एखादं पान बिघडलं तर दुसरं असावं म्हणून चाचा दोन कागदांवर अंगठे घेत आणि उरलेला कागद काम झालं की स्वतः चुलीत घालत. अर्जदाराला तो अंगठा म्हणजे काय हे पुरतं माहीत होतं. भोळेपणाने दिलेला नसायचा तो. मुन्शीजी विचारल्याशिवाय एक शब्द घालत नाहीत, हे त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलेलं होतं.

मृगाच्या सुमाराला महागू आला. नदीपलीकडचा, पन्नाशीचा गोंड शेतकरी, कमी बोलणारा. आपल्या बांधावरचं सागाचं एक झाड तोडून घराच्या आढ्यासाठी तो बंडीत, म्हणजे बैलगाडीत, घालून नेत होता. नाक्यावर गार्डाने धरलं, लाकूड जंगलातलं आहे म्हणून. लाकूड जप्त, बंडी जप्त, बैलजोडी कोंडवाड्यात. महागूचं मागणं एवढंच होतं की लाकडाचा जो निकाल लागायचा तो लागो, ते राहू द्या. पण बैल जामिनावर सोडा, कारण रोवणा, म्हणजे धानाची लावणी, तोंडावर आला आहे. बैल नाहीत तर चिखलणी नाही, चिखलणी नाही तर रोवणा नाही, आणि मग वर्षाचं धान नाही. चाचांनी त्याला नेहमीसारखे प्रश्न विचारले. एक प्रश्न मी मध्ये विचारला. "गार्डानं काही मागितलं होतं का?" महागू म्हणाला, "बैल सुटले पायजे. बाकी नाई." दोन कागदांवर अंगठे उमटवून तो नदी ओलांडायला परतीचा डोंगा गाठण्यासाठी निघून गेला.

दुसरा दिवस जुम्याचा होता. चाचा दुपारी नमाजाला गेले. जाताना म्हणाले, "महागूचा कागद साफ करून ठेव, मी आल्यावर कचेरीत देऊ." मी तो टाइप केला. सुंदर अर्ज होता, एका पानाचा, नम्र, काटेकोर. वाचताना माझं रक्त तापत होतं. त्या गार्डाविषयी गावोगाव काय बोललं जातं ते मला माहीत होतं. कोंबड्या नेतो, दूध नेतो, घरची लाकडं फुकट फोडून घेतो, आणि जो नाही म्हणेल त्याची बंडी नाक्यावर अडते. हे सगळं खरं होतं, आजही मी म्हणतो ते खरं होतं. आणि समोर महागूचा अंगठा असलेला दुसरा कोरा कागद पडला होता...

मी तो मशीनमध्ये घातला. गार्डाच्या जुलमाची सगळी हकिगत महागूच्या नावाने लिहून काढली. 'मी', 'माझ्याकडून', 'माझ्या देखत'. मग चाचांची पट्टी घेतली, खालून वर वाचलं, एकेक चपराशी गोल करावा तसा मनाशी गोल केला, दोन ठिकाणी वही काढून पाहिली आणि दुरुस्त केलं. एकही चूक राहिली नाही. खोटं सांगत नाही, त्या पानाचा मला फार अभिमान वाटला. माझं पहिलं पत्रक ते. दोन्ही पानं टाचून मी स्वतःच कचेरीत नेऊन दिली आणि चाचांना म्हणालो, "देऊन टाकलं." ते म्हणाले, "बरं केलं. उरलेला कागद?" मी म्हणालो, "जाळला."

आठ दिवसांनी महागू, चाचा आणि मी, तिघांनाही बोलावणं आलं. जंगलखात्याचा मोठा साहेब दौऱ्यावर होता, कचेरीच्या ओसरीवर खुर्ची टाकून बसला होता. त्याच्या हातात माझं पान होतं. आधी त्याने महागूला जवळ बोलावलं. हा अंगठा तुझा? महागूने वाकून पाहिलं. त्याला काय लिहिलं आहे ते कोणीतरी हिंदीत वाचून दाखवलं आणि ते ऐकताना त्याचा चेहरा कसा होत गेला ते मी पाहिलं आहे. गार्ड पाच हातांवर उभा होता. महागूने एकदा याकूबचाचांकडे पाहिलं आणि म्हणाला, "अंगठा माया आहे." तेवढंच. हे मी बोललो नाही, असं तो म्हणू शकला असता. अंगठा दिला होता, म्हणून तो नाकारेना.

मग साहेब हसला. पान बोटाने टिचकत म्हणाला, "इतनी साफ अंग्रेजी इस इलाके में एक ही आदमी लिखता है. क्यों मुन्शीजी?"

मी बोलायला हवं होतं. आयुष्यभर ज्या क्षणासाठी पत्रकं वाचली तो क्षण समोर उभा होता, आणि मी एक पाऊल मागे सरकलो. याकूबचाचांनी पान हातात घेतलं, डोळ्यांशी अगदी जवळ धरलं. ते खालून वर वाचत होते. पूर्ण वाचलं. त्यांना कळलं, मला दिसलं की त्यांना कळलं. पान परत देऊन ते म्हणाले, "टाइप मेरा है, हुजूर."

पुढे काय झालं ते कोणीही सांगेल. गार्डाची चौकशी झाली आणि तो निर्दोष ठरला. चौकशी संपेपर्यंत बैल पुराव्याचा माल म्हणून कोंडवाड्यात राहिले. साधा अर्ज असता तर चार दिवसांत सुटले असते, हे नंतर हेडक्लार्कनेच सांगितलं. ते सुटले पोळ्याच्या तोंडावर, बरगड्या निघालेले. महागूने त्या वर्षी कोणाकोणाचे बैल मागून अर्ध्या बांधीचा रोवणा केला, तोही उशिराचा. आणि चाचांचा परवाना रद्द झाला. टिनाच्या छपराखालचं टेबल आम्ही दोघांनी उचलून त्यांच्या घरी नेलं. रस्त्यात ते एवढंच बोलले, "पान मी पाह्यलं. चपराशी सगळे जागेवर होते. महागूले मात्र तू एक बी गोष्ट इचारली नाई." मी म्हणालो, मी आत्ता कचेरीत जाऊन सांगतो. त्यांनी टेबल खाली ठेवलं. "तू सांगशील तं अर्ज खोटा ठरते. मंग बैल बी गेले अन् महागू बी आत. बैल घरी येऊ दे." बैल घरी आले, तरी मी कचेरीत गेलो नाही. मग मी विचारलं, निदान महागूला तरी सांगू? "तो खोटं बोलत नाई. कोनी इचारलं तं जसंच्या तसं सांगंन, मंग तू फसशील." मी महागूला सांगितलं नाही. त्यांच्या या म्हणण्याच्या आड लपणं किती सोयीचं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

परवाना गेल्यावर त्यांचं जग म्हणजे ती पुढची खोली झाली. एक खिडकी, समोर बाजाराचा रस्ता. ज्यांनी कोरे कागद विश्वासाने दिले होते ते लोक त्याच रस्त्याने पलीकडच्या नव्या अर्जनवीसाकडे जायचे. ती बातमी पसरली होती: मुन्शीजींनी अंगठ्यावर भलतंच लिहिलं. आणि गंमत पाहा, त्याच कचेरीतून हेडक्लार्क भाजीच्या पिशवीत मसुदे घालून मागच्या दाराने त्यांच्याकडे येऊ लागला. साहेब नवा होता, इंग्रजीत कडक होता, बाबूंना भीती वाटायची. चाचा ते कागद तपासून द्यायचे. मी संतापलो. "ज्यांनी तुमचा परवाना घेतला त्यांचे कागद तुम्ही काऊन पाहता?" चाचा पट्टी सरकवत म्हणाले, "कागदात कोनाचं तरी नाव असते नं बेटा. चूक झाली तं बाबू नाई फसत, तो फसते." खिडकी लावून घ्यायचे आणि तपासायचे. मला ते बघवेना. नागपुरात काम मिळालं आणि मी गेलो. गेलो म्हणण्यापेक्षा पळालो. तिथे मी जुलमाविरुद्ध दर आठवड्याला लिहितो. लोक म्हणतात, जहाल लिहितो.

कार्ड मिळाल्यानंतर तिसऱ्या दिवशी तिथे पोचलो. चाची ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी मला जेवू घातलं आणि पानाची गोष्ट पोटात ठेवून मी जेवलो. दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीत गेलो. सोबत लेखी निवेदन नेलं होतं: ते पान माझं आहे, परवाना चुकीने रद्द झाला, तशी नोंद व्हावी. हेडक्लार्कने ते पूर्ण वाचलं. त्याला सगळं आधीच माहीत असावं असं मला वाटलं. कागद माझ्याकडे परत सरकवत म्हणाला, "अर्जदार कोन? तू? तुयं काय गेलं त्यात? ज्याचं गेलं तो तं मेला. मेल्या मानसाचा परवाना कोनाच्या नावानं देऊ, सांग." मी म्हणालो, निदान फायलीत लावा. तो म्हणाला, "फाईल बंद आहे." पाच वर्षांपूर्वी त्या ओसरीवर एक वाक्य बोलायला हवं होतं. आता मी हजार बोलायला तयार होतो आणि ते घ्यायला कोणी नव्हतं.

त्याच्या पुढच्या दिवशी डोंग्याने नदी ओलांडून महागूकडे गेलो. धान कापून झालं होतं, बांध्या उघड्या पडल्या होत्या. तो अंगणात बांबूच्या कामट्या सोलत बसला होता. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. तो सोलत राहिला. संपल्यावर म्हणाला, "म्हंजे मुन्शीजीनं नाई लिहिलं?"

"नाही."

"तू लिहिलं."

"हो."

सुरी थांबली. "पाच साल मी त्याच्या घरापुढून बजाराले गेलो. त्यानं दोन बार हाक मारली. मी मान नाई वळवली." तो मला शिवी देईल, अंगावर येईल, याची मी वाट पाहत होतो, खरं म्हणजे मला ते हवंच होतं. त्याने विचारलं, "त्याची बाई आहे का?" मी म्हणालो, आहे. तो आत गेला, धुतलेलं धोतर नेसून आला, गमछ्यात नव्या धानाचे पोहे बांधले. "चाल."

चार तासांच्या वाटेत तो एकदाच बोलला, डोंग्यात. "तुये बैल कोंडवाड्यात असते, तं लिहिलं असतं का तसं?" पाणी संथ होतं, नाव चालवणारा आमच्याकडे पाहत होता. महागूने पुन्हा विचारलं नाही.

चाचींनी त्याला ओळखलं. पोहे घेतले, आत नेले, त्याला पुढच्या खोलीत बसवलं. टेबल भिंतीशी होतं, मशीनवर चाचींनी स्वतः शिवलेलं कापड होतं, खिडकी उघडी होती. महागू खाली भुईवर बसला, टेबलाकडे तोंड करून, अर्जदार बसतात तसा. चाचींनी पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. त्याने तो अर्धा रिकामा केला, मग माझ्याकडे वळला. "सांग तिले. माया समोर सांग."

मी दारातच उभा होतो. सुरुवात केली. चाची ऐकत होत्या, पदराचं टोक मुठीत धरून. मी म्हणालो, "चाची, त्या वर्षी आमच्याकडून एक चूक झाली..."

महागूने हात वर केला. "आमच्याकडून नाई."

"माझ्याकडून," मी म्हणालो. "चूक झाली."

"झाली का केली?"

चाची माझ्याकडे पाहत होत्या. बाहेर बाजारातून परतणाऱ्या बंड्यांचा आवाज येत होता.

"मी केली," मी म्हणालो.

"हां," महागू म्हणाला. "आता पुढं सांग."